खान्देशात गिटार कधी चिकटवायची

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

मी जळगावचा. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेकनंतर काही वर्षं पुण्यात काढली, आता घरूनच काम करतो. पण आज मला कोडबद्दल बोलायला बोलावलेलं नाही. धुळ्यात एका सुतारकामाच्या दुकानात आम्ही दोघांनी मिळून एक अकूस्टिक गिटार बनवली, तिच्याबद्दल बोलायचंय. दोघं म्हणजे मी आणि मिस्त्री. धुळं माझं आजोळ, त्यामुळे त्या गल्लीतले सगळे माझे मामा, तसे मिस्त्रीही मामाच. त्यांचं नाव मी घेणार नाही. त्यांनीच बजावलंय, "नाव लेऊ नको, लोके बिनकामना फोन करतस." [हशा]

आधी गिटार म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारण 70 ते 75 किलो होतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पेटीला दिवसरात्र लटकून बसलाय असं समजा. आणि ज्या फळीवर तो लटकलाय, तिची जाडी किती? तीन मिलीमीटरच्या आतबाहेर. वरची फळी जाड केली तर गिटार शंभर वर्षं टिकेल, पण वाजणार नाही. खूप पातळ केली तर सुंदर वाजेल, आणि एक दिवस फळी पोट काढून बसेल. गिटार बनवणारा माणूस या दोन्हींच्या मधे कुठेतरी रंधा मारत असतो.

मामांनी आयुष्यभर दारं, खिडक्या, पलंग, देव्हारे केले. सुतार मजबुतीकडे बघतो, शंका आली की अर्धा सूत जास्त ठेवतो. त्यांना मी पहिल्यांदा तीन मिलीमीटरची फळी दाखवली तेव्हा त्यांनी ती दोन बोटांत धरली, उजेडाकडे केली आणि म्हणाले, "हाई ते पापड शे!"

पापडच आहे ती. आणि आवाजाचा मोठा वाटा त्या पापडाचाच असतो. तार एकटी फारशी हवा हलवत नाही. तार घोडीला हलवते, घोडी वरच्या फळीला, आणि फळी हवेला. स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस नावाचा कारागीर होऊन गेला, आजच्या क्लासिकल गिटारचा आकार बऱ्याच अंशी त्याचा. त्यानं 1862 मध्ये एक गिटार केली, जिच्या बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची होती. वरची फळी फक्त लाकडाची. वरच्या फळीचं महत्त्व दाखवायलाच त्यानं ती केली. मला हा माणूस फार आवडतो. वाद घालत बसण्यापेक्षा करून दाखवलं.

मग लाकूड. लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की लाकूड कुठून आणलं, परदेशातून का? यात एक गंमत आहे. जगभरातल्या चांगल्या गिटारींची पाठ आणि बाजू ज्या लाकडाच्या असतात, त्यातलं एक मोठं नाव म्हणजे भारतीय शिसव. पूर्वी अमेरिकेतल्या कंपन्या ब्राझीलचं शिसव वापरायच्या. 1960 च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलनं ओंडक्यांची निर्यात थांबवली, आणि या कंपन्या आपल्या शिसवाकडे वळल्या. म्हणजे सह्याद्रीतलं लाकूड तिकडे जातं, गिटार होतं आणि कधीकधी लाख-दीड लाखाला परत येतं.

आम्ही शिसव घेतलं नाही. आमच्याकडे एक दार होतं.

माझ्या आजोबांचं धाब्याचं घर पाडलं. मातीचं धाबं, दर पावसाळ्याआधी त्याच्यावर माती टाकायला लागायची, आता कोण करणार? घरातलं सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं ढिगाच्या भावात नेलं. मिस्त्रीमामांनी तेव्हा दाराचं एक पान आणि अंजनाचा एक खांब स्वतःसाठी म्हणून बाजूला काढून ठेवला होता. त्यांनी ते का ठेवलं हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. "चांगलं लाकूड शे" एवढंच म्हणतात. तर आमच्याकडे तेवढंच होतं. एक पाठ, दोन बाजू आणि एक मान निघेल, बस. दुसरी संधी नाही. बाजारातून सागवान हवं तेवढं आणता येतं, पण ते दार एकच होतं.

सागवान गिटारला चालतं का? चालतं, आणि आपल्याकडे तर जास्तच चालतं, ते का हे पुढे सांगतो. दोन अडचणी मात्र आहेत. एक, त्याच्यात तेल असतं, त्यामुळे चिकटवायच्या आधी सांधा ताजा रंधून, ॲसिटोननं पुसून घ्यावा लागतो. दुसरी, त्याच्यात बारीक सिलिका असते, पटाशीची धार बघता बघता जाते. मामा दर अर्ध्या तासाला धार लावायचे आणि दार ज्यानं केलं त्या कारागिराच्या नावानं काहीतरी पुटपुटायचे.

अंजनाबद्दल थोडं सांगायलाच हवं. धुळे, नंदुरबार, सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांचं जाणं असेल त्यांना अंजन माहीत असेल. आपल्या देशातल्या सगळ्यात जड, कठीण लाकडांपैकी एक. गाभ्याचा तुकडा पाण्यात टाका, दगडासारखा तळाला जातो. गिटारच्या मानेवर जी काळसर पट्टी असते, जिच्यावर बोटं फिरतात, तिला असंच लाकूड लागतं, कारण स्टीलच्या तारा आणि नखं तिला रोज घासत असतात. जगात त्यासाठी आबनूस आणि शिसव वापरतात. आम्ही आजोबांच्या खांबाची पट्टी काढली. करवतीचे दोन पाते गेले, पण पट्टी अशी झाली की पॉलिश न करताच चमकते.

वरची फळी राहिली. तिला हलकं आणि तरीही ताठ लाकूड लागतं. सागवान त्यासाठी जड. जगात स्प्रूस वापरतात, ते आपल्या खान्देशात उगवत नाही, पण आपल्याकडे येतं जरूर. बाहेरून मशिनरी येते ती लाकडी खोक्यांत येते. जळगावच्या एमआयडीसीत ही खोकी भंगारात निघतात. त्यांच्यावर 'एचटी' असा शिक्का असतो, म्हणजे कीड मारण्यासाठी लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवलेलं आहे. मी दोन शनिवार त्या ढिगात बसून फळ्यांच्या टोकाकडच्या रेघा बघत होतो. रेघा उभ्या, जवळजवळ आणि सरळ हव्यात, गाठ नको. चाळीसेक फळ्यांतून दोन निघाल्या. त्या मधून चिरल्या, चार पट्ट्या झाल्या, चारही शेजारी शेजारी जोडल्या. चार तुकड्यांची वरची फळी ऐकून कोणी नाक मुरडत असेल तर सांगतो, अमेरिकेतल्या टेलर कंपनीच्या बॉब टेलरनं 1995 मध्ये सामानाच्या लाकडी पॅलेटपासून आणि कचऱ्यातल्या एका पट्टीपासून गिटार करून दाखवली होती. तोरेसचाच भाऊ. [हशा]

हे सगळं मे महिन्यात, 2024 ला, गोळा झालं. आणि मी उत्साहात होतो की जूनमध्ये सुरुवात करू. मामा म्हणाले, नाही.

का, तर पावसाळा. त्यांचं वाक्य मी फोनमध्ये लिहून ठेवलंय: "पावसायामा दरवाजा बसाडा की उन्हायामा फट पडस." पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाचं दार चौकटीत घट्ट बसवलं तर उन्हाळ्यात ते आकसतं आणि फट पडते. उन्हाळ्यात घट्ट बसवलं तर पावसाळ्यात अडकतं, मग लोक बोलावतात आणि रंधा मारायला लावतात. "लाकूड बी पानी पेस, भाऊ." काम करायचं ते दिवाळीनंतर आणि होळीच्या आत.

आता मी इंजिनिअर, मला आकडे लागतात. आपल्या जिल्ह्यात केळी पिकवणीचे चेंबर आहेत, तिथे आर्द्रता मोजायची यंत्रं असतात हे मला माहीत होतं. तसलाच एक साधा सेन्सर आणून मी मामांच्या दुकानात फळ्यांजवळ लावला. दर दहा मिनिटांनी नोंद. मे मधल्या दुपारी 20 टक्क्यांच्या आसपास. ऑगस्टमध्ये 80 च्या वर. एवढा झोका.

लाकडाच्या भाषेत याचा अर्थ असा. आर्द्रता 20 टक्के असेल तर लाकूड बऱ्याच दिवसांनी स्वतःत साधारण साडेचार टक्के पाणी धरून स्थिरावतं. 80 टक्के असेल तर पंधरा-सोळा टक्के. पाणी आलं की ते फुगतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. रेघांच्या लांबीत जवळजवळ शून्य. आडवं मात्र फुगतं. गिटारची वरची फळी रुंद जागी 40 सेंटीमीटर. पुस्तकातले आकडे घालून हिशेब केला तर स्प्रूसची एवढी रुंद फळी या दोन टोकांमध्ये पाच-सहा मिलीमीटर हलायला बघते. प्रत्यक्षात पॉलिश असतं, घरात भिंती असतात, त्यामुळे तेवढी हलत नाही. पण बघते.

आणि इथे खरी अडचण आहे. 70 किलोच्या ताणाला फळी टिकावी म्हणून तिच्या आतल्या बाजूला लाकडी पट्ट्या चिकटवतात. स्टीलच्या तारांच्या गिटारीत त्या फुलीसारख्या असतात, ही फुलीची पद्धत मार्टिनच्या गिटारीत 1840 च्या दशकात आली. या पट्ट्या फळीच्या रेघांना आडव्या जातात. फळीला आडवं आकसायचंय, आणि पट्टी तिच्या लांबीत आकसतच नाही. एक हलतोय, दुसरा हलू देत नाही, मधे गोंद. पावसाळ्यात फुगलेल्या फळीवर पट्ट्या चिकटवल्या तर मे महिन्यात फळीला जायला जागाच उरत नाही, ती चिरते. म्हणून जगभरातले कारागीर 40 ते 45 टक्के आर्द्रतेला पट्ट्या चिकटवतात, त्यासाठी बंद खोल्या, मशिनं ठेवतात.

माझ्या सेन्सरचा आलेख दिवाळीनंतर हळूहळू त्या पट्ट्यात आला आणि होळीच्या सुमारास खाली निघून गेला. मी तो मामांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, याच्यात नवीन काय आहे?

म्हणूनच म्हटलं, सागवान आपल्याकडे जास्त चालतं. ते फार कमी हलतं. आपल्या जुन्या दारं-खिडक्या सागवानाच्या असण्याचं कारण नुसतं वाळवी नाही.

तर पावसाळाभर लाकूड दुकानात माळ्यावर पडून होतं, मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल असं. मला बसवेना. म्हणून मी मिरजेला जाऊन आलो.

मिरजेचं नाव वाद्यांच्या संदर्भात सगळ्यांनी ऐकलंय. तिथल्या सतारमेकर घराण्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांपासून सांगतात. हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारं करणारे. हत्यारांचं काम कमी झालं आणि तेच हात तंबोऱ्याकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, पुढे अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच स्थायिक झाले. 2024 मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोघांना वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तिथे गायकाच्या मागे दोन तंबोरे बघताना ते कोणी केले असतील हा विचार मी तरी कधी केला नव्हता.

मी तिथे गेलो ते बांधणी बघायला. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. पिकवताना, वाळवताना तो नीट राहावा लागतो, वाळायला महिने जातात. मग पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापायचा, आकार द्यायचा. म्हणजे पाणी हे इथेही हत्यार आहे. मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं ते सतारीचे पडदे. ते दांडीला दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात. सूर हलला, पडदा हलवा. गिटारला ही सोय नाही, तिचे पडदे खाचेत ठोकलेले. एकदा ठोकले की ठोकले.

आणि दुसरं म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानस आणि पॉलिश पेपरनं असा घासायचा की तारेचा आवाज फुलतो. पण तार घासून घासून घोडीत खाच पडते, आवाज मिटतो, आणि वाद्य परत कारागिराकडे येतं. मी एका दुकानात तासभर उभा होतो. त्या तासात नवं वाद्य एकही विकलं गेलं नाही, जुनी दोन दुरुस्तीला आली. हे माझ्या डोक्यात राहिलं.

बरं, परत धुळ्याला. दिवाळी झाली. आता दर शनिवारी सकाळी जळगावहून एसटी, एरंडोल, पारोळा, धुळे, नव्वदेक किलोमीटर, रविवारी रात्री परत.

बाजू वाकवणं मला सगळ्यात अवघड वाटत होतं. दोन मिलीमीटरची सागवानाची पट्टी ओली करून गरम लोखंडी पाइपवर हळूहळू दाबत न्यायची. लाकडातलं लिग्निन तापलं की मऊ होतं, गार झालं की त्या आकारात बसतं. पाइपमध्ये गॅसची ज्योत. मामा म्हणाले, बुरूड बांबू शेकून वाकवतो तसंच आहे हे, आणि पहिल्याच पट्टीला कंबरेचा बाक आला. घाई केली तर कडकन मोडते, म्हणून एका बाजूला आम्ही दीड तास घेतला. दुकानभर जळक्या सागवानाचा वास. तो वास मला आजोबांच्या घरात कधी आला नव्हता, उगाच भावनिक काही सांगत नाही.

पट्ट्या चिकटवायला शिकंजे पुरले नाहीत. मग बांबूच्या कामट्या कापल्या, वर एक फळी, खाली गिटारची फळी, मधे कामटी वाकवून अडकवली. कामटी सरळ व्हायला बघते आणि पट्टी दाबून धरते. बाहेरच्या देशांतही ही पद्धत आहे. कडेच्या पट्ट्यांना कपड्यांचे चिमटे, पाठ बसवताना सायकलच्या ट्यूबचे फाडलेले पट्टे गुंडाळले. गोंदाबद्दल एकच सांगतो: साधा पांढरा गोंद उष्णतेनं मऊ पडतो. मे महिन्यात बंद गाडीत तापमान 60 अंशांच्या पुढे जातं, आणि घोडी हळूच उचलली जाते. म्हणून आम्ही उष्णता जास्त सोसणारा वाद्यांचा पिवळा गोंद मागवला.

पडद्यांचा भाग माझा. तारेची लांबी 650 मिलीमीटर धरली. प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या 17.817 व्या भागावर येतो. का, तर एका सप्तकात बारा समान स्वर बसवायचे, दर पायरीला लांबी दोनाच्या बाराव्या मुळानं भागायची. पहिला पडदा 36.48 मिलीमीटरवर, बारावा बरोबर मधे 325 वर. पाच ओळींचा प्रोग्राम. मामा सुतात मोजतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरहून थोडा जास्त. इथे अर्ध्या मिलीमीटरनं स्वर बेसूर होतो. मला वाटलं इथे त्यांचं अडेल. मी खऱ्या मापात छापलेली कागदाची पट्टी दिली. त्यांनी ती चिकटवली, आणि पेन्सिल बाजूला ठेवून पटाशीच्या कोपऱ्यानं खूण केली. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते, म्हणाले, धारेला नसते. आणि हो, कोणी करणार असेल तर छापताना 'फिट टू पेज' बंद करा, आणि कागदही पाणी पितो, तेव्हा बारावा पडदा स्टीलच्या पट्टीनं पडताळून बघा.

पेटी जानेवारीत बंद झाली. तारा फेब्रुवारीत चढवल्या. त्या दिवशी मामांनी काय केलं माहितीये? मी पहिली तार पिळायला लागलो तसे ते चहा आणतो म्हणून बाहेर गेले आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. तिथून बघत होते. ते दार फुटलं असतं तर, त्या लाकडाचं दुसरं पान कुठेच नव्हतं. मी दोन दिवसांत हळूहळू ताण वाढवला. पेटी एकदोनदा करकरली. मग गप्प झाली.

ऐका. [गिटारचा आवाज]

खर्जाच्या तारा जरा कमी पडतात, हे मला ऐकू येतं. वरच्या तारा मात्र स्वच्छ आहेत. मला आवडते. महागड्या गिटारसमोर ठेवायचा माझा इरादाच नाही.

पण खरी परीक्षा मे महिना होती. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यातलं अंतर मी दर आठवड्याला मोजलं. फेब्रुवारीत अडीच मिलीमीटर. मे अखेरीला दोन, कारण फळी आकसून खाली बसते. ऑगस्टमध्ये तीन, कारण ती फुगून वर येते. तार दोनवर असली की खरखरते, तीनवर असली की बोटं दुखतात. पण चीर नाही. म्हणून घोडीवरचं जे हाड असतं, ज्याच्यावर तारा टेकतात, त्याची दोन हाडं केली, एक बुटकं, एक उंच. उन्हाळ्यात उंच घालायचं, पावसाळ्यात बुटकं. मामा त्यांना रब्बीचं हाड आणि खरिपाचं हाड म्हणतात. [हशा] थंड देशांतले वादकही अशी दोन हाडं ठेवतात, फक्त त्यांचा कोरडा ऋतू हिवाळा, हीटरमुळे.

आणि आपल्याकडे कूलर! हे कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. दिवसभर खोलीत भट्टी, रात्री कूलर लावला की वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा थेट गिटारवर. म्हणजे मे आणि ऑगस्ट एकाच दिवसात. ज्यांच्याकडे गिटार आहे त्यांनी उन्हाळ्यात ती पेटीत ठेवा, साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज आत ठेवा, आणि कूलरच्या खोलीत उघडी टांगू नका.

आता पैशाचं. लोक म्हणतात, मग अशा गिटारी करून विका की. हिशेब सांगतो. चाव्या, पडद्यांची तार, मानेतला लोखंडी रॉड, तारा, गोंद, पॉलिश धरून सात हजारांच्या वर गेले, लाकूड जवळजवळ फुकट असताना. मामांचे वीस दिवस. त्यांची हजेरी 900 रुपये. म्हणजे पंचवीस हजार, माझे शनिवार-रविवार सोडून. दुकानात कारखान्याची गिटार सात-आठ हजारांत मिळते. या किमतीला धुळ्यात वर्षाला दोन गिटारीही जाणार नाहीत. मामांच्या मुलानं हे गणित माझ्याआधी केलं होतं, तो सुरतेला मॉड्युलर किचन बसवतो. मामासुद्धा गेली काही वर्षं प्लायवूड कापणं आणि सनमायका चिकटवणं हेच करत होते, आणि दुकानाचा गाळा सोडायचं त्यांच्या मनात होतं. लाकडी रंधे त्यांनी विकायला काढले होते.

मिरजेत जे आहे ते एका कारागिरानं उभं राहत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे हात आहेत, भोपळा आणून देणारे आहेत, आणि मुख्य म्हणजे परत परत येणारे गायक-वादक आहेत. आपल्याकडे ते नाही हे मान्य करावं. पण गिटारी आहेत. जळगाव, धुळे, भुसावळ, कॉलेजच्या प्रत्येक वर्गात एखादी असेलच. त्या दुसऱ्या कुठल्या तरी हवेत बनून येतात आणि आपला पहिला मे महिना बघतात. घोडी उचलते, फळी चिरते, मान वाकते, पडद्यांची टोकं कडेला टोचायला लागतात, कारण मानेचं लाकूड आकसतं आणि धातू आकसत नाही. मग ती गिटार कपाटावर जाते. पुण्या-मुंबईला पाठवायचा खर्च गिटारच्या किमतीच्या जवळ जातो.

हे काम मामांना येतं. टोचणारी टोकं कानसून द्यायला त्यांना अर्धा तास लागतो. चीर असेल तर आतून पातळ सागवानी तुकडा लावायचा, आडव्या रेघांचा. मी माझ्या ओळखीतल्या दोन-तीन वादकांना सांगितलं, त्यांनी पुढे सांगितलं. पहिल्या सहा महिन्यांत अकरा गिटारी आल्या, एक व्हायोलिन, आणि कुठल्या तरी भजनी मंडळाची एकतारी. यावर दुकान चालत नाही. गाळ्याच्या भाड्यातला काही भाग निघतो. रंधे विकायचे राहिले एवढं खरं.

गेल्या महिन्यात एक मुलगा वरची फळी चिरलेली गिटार घेऊन आला, गणपतीत वाजवायची होती, तिथल्या तिथे चिकटवून द्या म्हणाला. मामांनी फळीवर बोटानं टकटक केलं, चिरेवर नख फिरवलं. पावसानं चीर मिटल्यासारखी दिसत होती. आत्ता चिकटवली तर उन्हाळ्यात शेजारी दुसरी पडेल, म्हणाले. त्याला तारा सैल करून दिल्या, तोवर वाजवायला दुकानातली एक जुनी दिली, आणि त्याची गिटार माळ्यावर, जिथे आमचं लाकूड होतं तिथे, ठेवून दिली. दिवाळीनंतर ये, म्हणाले.